मनगट मोडू नका, नाझरसाहेब

देऊळघाटच्या उकंडरावाच्या आधी त्याच्या मायची तीन लेकरं दगावली होती. चौथं तरी टिकावं म्हणून सुईणीनं त्याला उकिरड्यावर नेऊन लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. असल्या पोराकडं यमसुद्धा नाक मुरडून पुढं जातो म्हणे. यम गेला पुढं. नाव मात्र चिकटलं. वय झालं तसं गावानं त्याला 'राव' जोडला. बुलढाण्याच्या क्लबात मात्र पन्नाशी उलटली, मिशा पिकल्या, तरी तो आपला 'उकंड्या'च.

हा उकंडराव गोल्फच्या मैदानाचा माळी होता. हो, गोल्फच! बुलढाण्यात गोल्फ कुठून आला म्हणून हसायचं काही कारण नाही. पठारावरची थंड हवा गोऱ्या साहेबांना मानवली, आणि साहेब जिथं टेकला तिथं त्यानं आधी क्लब बांधला, मग विहीर खोदली. क्लबामागच्या माळावर त्यांनी सहा होलांचं मैदान आखलं. पुढं साहेब गेले, मध्यप्रदेश गेला, मुंबई राज्यही गेलं आणि महाराष्ट्र आला. कचेऱ्यांवरच्या पाट्या रंगवून रंगवून रंगारी दमला, पण मैदान होतं तिथंच राहिलं. आता तिथं वकील, डॉक्टर आणि मामलेदार खेळत, आणि माणसं कमी पडली तेव्हा दिवाणी कोर्टाच्या नाझरालाही सभासद करून घेतलं होतं.

होलाभोवती विलायतेत हिरवळ असते म्हणतात. इथं प्यायला पाणी नाही तिथं हिरवळ कुठली? म्हणून बारीक वाळूत मोटारीचं जळकं तेल कालवून गोल अंगण करायचं, त्याला म्हणायचं ब्राऊन. बॉल त्यावर गुळगुळीत घरंगळतो, पण एक पाऊल पडलं की खड्डा. म्हणून उकंडराव रोज पहाटे देऊळघाटाहून सायकल हाणत यायचा आणि सहाही ब्राऊनवरून दोरीला बांधलेलं तरट ओढायचा. होलापासून सुरुवात करायची, गोल गोल फिरत बाहेर यायचं, म्हणजे शेवटचं पाऊल बाहेरच्या गवतात पडतं. त्याचं ब्राऊन पाहून बाया म्हणाल्या असत्या, 'सारवावं तर असं!' पण बायांना तिथं येऊ देतंय कोण.

तीस वर्षं त्यानं हे केलं आणि तीस वर्षं दुसऱ्यांना खेळताना पाहिलं. क्लबाच्या ओसरीवर साहेबांच्या वेळची एक पाटी होती, 'नोकरांनी मैदानावर खेळू नये.' उकंडरावाला वाचता येत नव्हतं, पण ही पाटी त्याला पाठ होती. आणि त्याची जन्मातली हौस म्हणाल तर एकच. जिथून पहिला बॉल मारतात त्या पहिल्या खुंटापासून सहाव्या होलापर्यंत एकदा तरी खेळून जायचं. भर दिवसा, चारचौघांदेखत. बस्स.

तोवर तो घरी खेळत होता. जाताना एका साहेबानं त्याला दांडा मोडलेली आठ नंबरची काठी दिली होती. लोखंडी तोंड तेवढं शाबूत होतं. उकंडरावानं त्याला वेळूचा दांडा बसवला, नाल्यात सापडलेले फुटके बॉल गोळा केले आणि आपल्या मळ्यात कांद्याच्या वाफ्यांमधून तो बॉल मारू लागला. मळा केवढा? इकडं विहीर, तिकडं शेजारच्या कचरूची वांगी. बॉल जोरात मारला तर विहिरीत, नाहीतर कचरूच्या वांग्यात, आणि कचरू तर वांग्याला डाग दिसला तरी पंचायत भरवणारा माणूस. म्हणून उकंडराव वीस-पंचवीस पावलांच्या पुढं कधी मारायचाच नाही. बांधावर डालं ठेवायचं आणि काठीनं बॉल उडवून त्यात टाकायचा. सुरुवातीला बायकोच्या कढीत पडला, एकदा रांजण फुटला. रुख्मिणीनं त्या दिवशी त्याचे आणि त्याच्या साहेबाचे सात पिढ्यांचे पूर्वज जेवायला बोलावले. पण वर्षं गेली तसा दहातले नऊ बॉल डाल्यात पडू लागले, आणि दहावाही फार लांब जात नव्हता.

आता ज्यांच्यामुळं हे सगळं घडलं ते नाझर नारायणराव. माणूस उंचापुरा, अक्षर मोत्यासारखं, आणि नियम म्हटला की डोळ्यांत पाणी येणारा. लहानपणी विटी-दांडू खेळलेले असल्यामुळं लांबचा फटका असा मारत की क्लबाचे सेक्रेटरी मार्तंडराव वकील टोपी सावरत उठून पाहत. पण बॉल ब्राऊनजवळ आला की ह्यांची गाळण उडायची. वीस पावलांवरून अलगद टाकायचा तो छोटा शॉट, ज्याला इंग्रजीत चिप म्हणतात, तो काही केल्या जमेना. एकदा काठी जमिनीत रुतून बॉल जागच्या जागी, दुसऱ्यांदा सणकन पलीकडच्या आंब्यात. सव्वीस जानेवारीला अकोल्याच्या मंडळींशी सामना होता आणि मार्तंडरावांनी चहा पिता पिता सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "नाझर, गेल्या वर्षी तुमच्यापायी हरलो. यंदा हरलो तर पुढच्या वर्षी तुम्ही पाहुण्यांना पाणी वाढा."

ती गोष्ट नारायणरावांच्या मनाला फार लागली. दुसऱ्या दिवशी उजाडतानाच ते एकटे सरावाला आले. धुक्यातून पाहतात तो तिसऱ्या ब्राऊनपाशी उकंड्या. त्याचं नुकतंच तरट फिरवून झालं होतं, आणि तेवढ्यात त्याला दिसलं की कालचा कोणाचा तरी बॉल गवतातच राहिलाय. वाळूवर पाऊल तर टाकायचं नाही, आणि बॉल होलाजवळ ठेवून दिला तर मालकाला सापडेल. त्यानं सायकलीच्या दांडीला बांधलेली वेळूची काठी काढली, इकडं तिकडं पाहिलं आणि टक्. बॉल वाळूवर अलगद उतरला, घरंगळला आणि होलाच्या काठाला टेकून थांबला.

"उकंड्या!"

उकंडरावाच्या हातातली काठी गळून पडली. तीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढं दिसली, आणि ती पाटीही. "चुकलो, नाझरसाहेब," तो हात जोडून म्हणाला. "सेक्रेटरी साहेबाले सांगू नका. पुन्हा नाही करणार."

"पुन्हा कर," नारायणराव म्हणाले.

"आँ?"

"अरे, पुन्हा मार म्हणतोय! माझ्यासमोर!" आणि त्यांनी खिशातले चारही बॉल गवतात टाकले.

चारही होलापासून हातभर अंतरावर गेले. नारायणराव गवतावर मटकन बसले. बसल्या बसल्याच म्हणाले, "मला शिकवशील?"

इथं उकंडरावानं काठी खाली ठेवली. आयुष्यात एकदाच दार उघडतं, आणि तेव्हा माणसानं तोंड उघडलं नाही तर मग जन्मभर कपाळ बडवावं. तो म्हणाला, "शिकवतो. पन मले काही पाह्यजे. एक खेप मले पह्यल्या खुंटापासून सहाव्या होलापर्यंत खेळू द्या. दिवसा. सगळ्यायसमोर." मग डोळे मिटून पुढचंही बोलून टाकलं, "अन् माही काठ्यायची थैली तुमी धरा. साहेब लोकायची धरते तशी."

नारायणरावांनी घाम पुसला. जानेवारीच्या थंडीत. "कबूल," ते म्हणाले.

रविवारी नारायणराव पँटीला चिमटे लावून सायकलवर देऊळघाटात उतरले. नाझर दारात पाहून रुख्मिणीच्या हातचं सूप पडलं. "काऊन आले हे? समन्स आनलं का काय?"

"शिकाले आले," उकंडराव म्हणाला.

"काय?"

"गोलफ."

रुख्मिणीनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग नाझराकडं, मग आभाळाकडं. पण बाई हुशार. मळ्यात नारायणरावांचे दोन-तीन शॉट तिनं पाहिले, एक बॉल कचरूच्या वांग्यात गेला, तिकडून कचरूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, आणि रुख्मिणी मध्ये पडली. "अवो, याहिची खोड काठीत नाई. मनगटात हाये. आधी खुरपं द्या याहिच्या हाती."

आणि दिवाणी कोर्टाचे नाझर कांद्याच्या वाफ्यात तण निंदायला बसले! गुडघे टेकून, पाटाच्या पाण्यात पँट भिजवून. पहिल्याच वाफ्यात त्यांनी सतरा कांदे कापले. रुख्मिणी प्रत्येक कापलेला कांदा त्यांच्यासमोर आणून ठेवी, कोर्टात पुरावा ठेवतात तसा.

"मनगट मोडू नका, नाझरसाहेब," ती म्हणाली. "मनगट मोडलं की पातं वर उठते अन् कांद्याची मान कापते. मनगट ताठ ठेवा. सगळा भार पुढच्या गुडघ्यावर टाका. अन् पातं जमिनीले घासून जाऊ द्या, बस. तन आपोआप निघते."

"तसंच बॉलचं," उकंडराव म्हणाला. "तुमी बॉलले उचलून राह्यले. तो का लेकरू हाये, कडेवर घ्याले? त्याले खालून घासा. तो आपोआप उठते."

दुसऱ्या रविवारी पाच कांदे कापले गेले. तिसऱ्या रविवारी एकही नाही, आणि त्याच दुपारी दहातले सहा बॉल डाल्यात पडले. नारायणराव पोरासारखे उड्या मारू लागले. रुख्मिणीनं ज्वारीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढली, तर म्हणाले, "वहिनी, ही पात मी कापलेली तर नाही ना?" तिनं हसून आणखी वाढली. उकंडराव मात्र जेवताना नुसता त्यांच्याकडं पाहत होता. एकच विचार. हा माणूस शब्द पाळेल ना?

सव्वीस जानेवारी उजाडली. सकाळी झेंडावंदन, मग सामना, आणि मागं आंब्याखाली हुरड्याची आगटी. शेवटच्या होलापर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत आल्या, आणि नशीब बघा, शेवटची पाळी आली नारायणरावांवर. बॉल गवतात, ब्राऊन अठरा पावलांवर. मार्तंडरावांनी डोळेच मिटून घेतले. उकंडराव होलातला झेंडा धरून उभा होता. नारायणरावांचे ओठ हलताना फक्त त्याला दिसले. ते पुटपुटत होते, "कांदा, कांदा, कांदा."

टक्. बॉल उठला, उतरला, घरंगळला आणि होलापासून वीतभर अंतरावर थांबला. हलकं ढकलताच तो आत गेला आणि बुलढाणा जिंकलं.

मग काय विचारता! मार्तंडरावांनी नाझरांना मिठी मारली. हुरडा खाताना अकोल्याच्या कॅप्टननं त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "हा शॉट शिकलात कुठं?"

उकंडराव हुरड्याचं ताट घेऊन तिथंच उभा होता. नारायणरावांनी तोंड उघडलं. त्याच्याकडं पाहिलं. आणि तेवढ्यात मार्तंडराव म्हणाले, "आमच्या क्लबाचं वळणच तसं आहे हो!" सगळे हसले आणि नारायणरावही हसले. उकंडरावानं ताट पुढं केलं.

त्यानंतर आठ दिवस नाझर मैदानावर फिरकले नाहीत. काम झालं, वैद्य मेला, दुसरं काय! उकंडराव रोज तरट ओढी आणि रोज फाटकाकडं पाही. घरी आल्यावर त्यानं वेळूची काठी आढ्याला खोचून टाकली. "माणूस तसा वाईट नाई," तो रुख्मिणीला म्हणाला, "पन साहेब हाये. त्याले लाज वाटत असंन."  रुख्मिणीनं त्या दिवशी भाजीत मीठ दुप्पट घातलं, आणि त्यानं ती तशीच संपवली. एवढं वाईट त्याला रांजण फुटल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, नारायणराव देऊळघाटात दारात हजर! बगलेत कागद, डोळे सुजलेले. "अंगठा कर," ते म्हणाले.

"कशाले?"

"रजेचा अर्ज आहे. आठ दिवस मी क्लबाची सगळी जुनी नियमावली वाचली. पाटीवर लिहिलंय ते अर्धंच आहे. मूळ नियम असा की नोकरांनी कामावर असताना खेळू नये. आज तू कामावर नाहीस. आणि नियम अकरा, प्रत्येक सभासदाला महिन्यातून एक पाहुणा आणता येतो." आवाज उतरवून ते म्हणाले, "त्या दिवशी माझी जीभ अडखळली. मग वाटलं, नुसतं तोंडानं सांगून हे लोक ऐकणार नाहीत. कागद हवा."

उकंडरावानं अंगठा केला. एकानं भागलं नाही तर म्हणून शेजारी दुसराही ठसा उमटवला.

क्लबाच्या ओसरीवर मार्तंडरावांनी रजेच्या अर्जावर सही केली, पाहुण्यांचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "पाहुणा, श्रीयुत उकंडराव तुळशीराम, देऊळघाट." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग नियम अकरा वाचला. वकील माणूस, पळवाट असती तर सापडलीच असती. "नाझर," ते म्हणाले, "तुम्ही कोर्टात इतकं वाचलं असतं तर आज जज्ज झाला असता. जा, खेळा!"

ओसरीवर दहा-बारा मंडळी जमली. आंब्याखाली नव्या लुगड्यात रुख्मिणी येऊन उभी राहिली. नारायणरावांनी थैली खांद्याला लावली. उकंडराव पहिल्या खुंटापाशी गेला, समोर पाहिलं, आणि काठीकडं नेलेला हात मागं घेतला.

झेंडा तीनशे पावलांवर होता. आणि त्यानं जन्मात पंचवीस पावलांच्या पुढं बॉल मारलेलाच नव्हता!

तीस वर्षं हौस बाळगली, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही. विहीर आणि कचरूची वांगी यांनी त्याला जेवढं शिकवलं तेवढंच त्याला येत होतं. त्यानं नारायणरावांची लाकडी तोंडाची मोठी काठी घेतली, डोळे मिटले आणि गरकन फिरवली. धूळ उडाली. बॉल जागेवर. उकंडराव मात्र उलटं तोंड करून उभा. ओसरीवर हशा पिकला. पुन्हा फिरवली. पुन्हा धूळ. त्याचे कान तापले. वाटलं, टाकावी काठी आणि सायकलवर बसून सरळ घरी जावं.

"अवो!" आंब्याखालून रुख्मिणी ओरडली, आणि तिचा आवाज असा की तहसीलपर्यंत जावा. "लोकायचं काय खेळून राह्यले? आपल्या वाफ्यातलं खेळा ना!"

उकंडरावानं मोठी काठी थैलीत ठेवली आणि वेळूची काढली. भार पुढच्या पायावर. मनगट ताठ. टक्. पंचवीस पावलं, सरळ. पुन्हा टक्. आणखी पंचवीस. तो चालत गेला आणि नारायणराव थैली घेऊन मागं. लोक आधी हसत होते. मग कोणीतरी म्हणालं, "अहो, पण एकही वाकडा जात नाही!" चौथ्या होलाच्या अलीकडं नाला होता. तिथं मोठमोठे फटके मारणारे पार करता करता बॉल बुडवत. उकंडरावानं बॉल नाल्यात उतरवला, स्वतः खाली उतरला आणि एका टिचकीत वर काढला. ओसरी सोडून सगळी मंडळी आता त्याच्या मागून चालत होती, आणि मार्तंडराव मोठ्यानं मोजत होते. "चाळीस! एक्केचाळीस!"

सहाव्या होलावर एकसष्टावा शॉट होलापासून दोन बोटांवर थांबला. बासष्टावा आत गेला. टोपल्यात टोमॅटो पडावा तसा आवाज झाला. नारायणरावांपेक्षा दुप्पट शॉट, पण विचारतोय कोण? मार्तंडरावांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. उकंडराव होलात हात घालून बॉल काढायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला, कारण डोळे पुसायला तेवढीच जागा होती.

उठला तर काय, ब्राऊनवर सगळी त्याची पावलं. सवयीनं तो काठावरच्या तरटाकडं वळला. तरट जागेवर नव्हतं. नारायणरावांनी थैली खाली ठेवली होती आणि तरटाची दोरी खांद्यावर घेतली होती.

"अवो नाझरसाहेब, हे काय? आना इकडं!"

"पाहुण्यानं तरट ओढायचं नसतं, उकंडराव," ते म्हणाले. "उभे राहा तिथं."

सगळ्या मंडळींसमोर नाझर वाळूवर तरट ओढू लागले. उकंडरावानं हात जोडले. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, शब्द ओठापर्यंत आलेही होते. पण तेवढ्यात त्याला दिसलं की हा माणूस बाहेरून आत ओढत चाललाय. आता होलापाशी पोचला की बाहेर येणार कुठून? सगळं सारवलेलं पुन्हा तुडवत?

"आतून भायेर, नाझरसाहेब! आतून भायेर!" तो ओरडला. "अन् दोरी खेचताना मनगट मोडू नका!"

नारायणरावांनी कपाळाला हात लावला, आपल्याच पावलांवरून होलापाशी गेले आणि पहिल्यापासून ओढायला सुरुवात केली.